कामगार प्रतिनिधीचा कायदेशीर अधिकार किती आणि कुठपर्यंत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराराचं वर्ष आलं, कुणाच्या हातात आरोपपत्र पडलं किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून तारखेचं पत्र आलं, की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. विचारणारे कधी कामगार असतात, कधी नव्याने निवडून आलेले कमिटी मेंबर. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं: आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाला हा अधिकार कोणत्या कागदाने दिला? तो कागद आधी मागून घ्या. माणूस कितीही तळमळीचा असला, तरी कागद नसला की सुनावणीत त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जात नाही आणि नुकसान कामगाराचं होतं. इथली उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्यांना आणि आस्थापनांना धरून आहेत. बँका, बंदरं आणि गोवा यांच्यासाठी प्रश्न १५ पाहा.

१. कायद्याच्या भाषेत ‘प्रतिनिधी’ म्हणजे कोण? कमिटी मेंबर, युनिट अध्यक्ष की बाहेरचा नेता?

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३६ ने याची चौकट घालून दिली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही (प्रश्न ३) तीच कायम आहे. तुम्ही ज्या नोंदणीकृत संघटनेचे सदस्य आहात, तिच्या कार्यकारिणीचा सदस्य किंवा पदाधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो. ती संघटना एखाद्या महासंघाशी संलग्न असेल, तर महासंघाचा पदाधिकारीही चालतो. तुम्ही कुठल्याच संघटनेत नसाल, तर त्याच उद्योगाशी संबंधित संघटनेच्या पदाधिकाऱ्याला किंवा त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कामगाराला लेखी अधिकार देता येतो.

म्हणजे गेट मीटिंगमध्ये बोलणारा प्रत्येक जण प्रतिनिधी ठरत नाही. त्याचं नाव कार्यकारिणीच्या यादीत हवं आणि ती यादी नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, कळवलेली हवी. निवडणूक झाली, नवी कमिटी बसली, पण बदल कळवायचा राहून गेला, असं पुष्कळ ठिकाणी होतं. समोरच्या बाजूचा पहिला आक्षेप तिथेच येतो आणि मूळ मागणीवर बोलणं सुरू होण्याआधीच दोन-तीन तारखा वाया जातात.

२. आमची संघटना नोंदणीकृत आहे. मग मालकाला आमच्याशी बोलणी करावीच लागतील ना?

नाही. नोंदणी आणि मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

नोंदणीने संघटना कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती होते. तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, मालमत्ता बाळगता येते. अर्जावर किमान सात जण लागतात. त्याशिवाय आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे सदस्य लागतात. ही दुसरी अट २००१ च्या दुरुस्तीने आली.

मान्यता ही त्यापुढची पायरी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या एमआरटीयू-पीयूएलपी (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध) कायद्याखाली पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या उपक्रमात संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सदस्यत्व दाखवावं लागतं. त्यामुळे वर्गणीच्या पावत्या आणि सदस्य नोंदवही महिन्याच्या महिन्याला नीट ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भरलेले फॉर्म उलटतपासणीत टिकत नाहीत.

मान्यता मिळाली, की मालकाने प्रामाणिकपणे सामूहिक वाटाघाटी करायला नकार देणं ही या कायद्याच्या अनुसूची २ प्रमाणे अनुचित कामगार प्रथा ठरते. त्याखेरीज कारखान्याच्या आवारात वर्गणी गोळा करणं, सूचना फलक लावणं, सदस्यांशी चर्चा करणं, तक्रारीचं ठिकाण पाहणं हे हक्क ठरलेल्या अटींवर मिळतात.

३. नवीन लेबर कोड आले. जुने कायदे सगळे गेले का?

सगळे नाहीत. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने तीन केंद्रीय कायदे रद्द केले: १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेश (म्हणजे कंपनीच्या सेवाशर्तींचे लेखी नियम) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आणि १९४६ चा बीआयआर (मुंबई औद्योगिक संबंध) कायदा तिच्या रद्द-यादीत नाहीत.

संहितेने ‘वाटाघाटी करणारी संघटना’ ही कल्पना आणली. हजेरीपटावरचे ५१ टक्के किंवा अधिक कामगार एका संघटनेकडे असतील, तर ती एकटी वाटाघाटी करते. इतकं बळ कुणाकडेच नसेल, तर वाटाघाटी परिषद बसते आणि किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांना तिच्यात जागा मिळते.

मुदतीचा बदल मात्र आजच लक्षात घ्या. कामावरून काढल्याच्या वैयक्तिक वादात जुन्या कायद्याखाली थेट कामगार न्यायालयात जायला तीन वर्षं मिळत. संहितेत ती मुदत दोन वर्षांवर आली आहे. ‘बघू, अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्या प्रतिनिधीला हे बजावून सांगा.

४. कंपनीत मान्यताप्राप्त युनियन आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. मी दुसऱ्या युनियनमार्फत लढू शकतो का?

वाद कशाचा आहे, त्यावर उत्तर ठरतं. १९७१ च्या कायद्याच्या कलम २०(२)(ब) प्रमाणे मान्यताप्राप्त संघटना असलेल्या उपक्रमात पगारवाढ, भत्ते, कामाचा बोजा अशा सामूहिक वादांमध्ये केंद्रीय (म्हणजे औद्योगिक विवाद) कायद्याखालच्या कार्यवाहीत कामगाराला फक्त त्या संघटनेमार्फतच उभं राहता येतं. तिथे झालेला निर्णय सगळ्यांवर बंधनकारक असतो. बामर लॉरी वर्कर्स युनियनने या कलमाच्या घटनात्मक वैधतेला आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये कलम वैध ठरवलं.

अपवाद त्याच कलमात लिहिलेला आहे. बडतर्फी, कामावरून कमी करणं, सेवासमाप्ती, कामगार कपात किंवा निलंबन यांच्या आदेशाचा वाद असेल, तर ही मक्तेदारी लागू होत नाही. तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा तुमच्या संघटनेचा प्रतिनिधी घेऊ शकता. मान्यता नसलेल्या संघटनेलाही कलम २२ ने दोन हक्क दिले आहेत: अशा वैयक्तिक तक्रारींबद्दल मालकाशी चर्चा करणं आणि आपल्या सदस्यासाठी खात्यांतर्गत चौकशीत उभं राहणं. ‘तुमची युनियन रिकग्नाइज्ड नाही, बाहेर थांबा’ असं एचआरने अशा प्रकरणात म्हटलं, तर हे कलम दाखवा.

मान्यताप्राप्त संघटना बदलायची असेल, तर तिला मान्यता मिळून दोन वर्षं झाल्यावर, आधीच्या सलग सहा महिन्यांत तिच्यापेक्षा जास्त सदस्य दाखवणारी दुसरी संघटना न्यायालयात अर्ज करू शकते. संघटना कामगारांऐवजी मालकाच्या हितासाठी चालवली जाते, हे सिद्ध झालं तर मान्यता रद्दही होते. हा रस्ता लांबचा आहे आणि तिथे पुरावा लागतो, नुसता संशय पुरत नाही.

५. कापड गिरण्यांसाठी नियम वेगळे आहेत, हे खरं का?

खरं आहे. बीआयआर कायद्याखाली येणाऱ्या उद्योगांत मान्यता एका कारखान्यापुरती नसते. ती त्या भागातल्या संपूर्ण उद्योगासाठी असते. २५ टक्के सदस्यत्वावर संघटना ‘प्रातिनिधिक’ होते आणि तिचा अधिकार फार पक्का असतो. खटल्यात प्रातिनिधिक संघटना उभी राहिली, की तिच्याशी मतभेद असलेल्या कामगारालाही वेगळं बोलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच गिरिजा शंकर काशीराम खटल्यात सांगितलं.

या तरतुदीची किंमत मुंबईने मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण कायद्याने प्रातिनिधिक होता तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लालबाग-परळचे कामगार एकीकडे आणि कायद्याचा शिक्का दुसरीकडे, अशी फूट राहिली. बीआयआर कायदा रद्द करा, ही त्या संपातली एक मुख्य मागणी होती. सदस्य नोंदवहीतल्या टक्क्यांवर कामगारांचं काय अवलंबून असतं, हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांनी या संपाचा इतिहास जरूर वाचावा.

६. आरोपपत्र आलं आहे. चौकशीत मी युनियनचा माणूस घेऊन जाऊ शकतो का? की एकट्यानेच उत्तर द्यायचं?

एकट्याने जाऊ नका. पण हा हक्क कुठून येतो, ते कळून घ्या. केवळ नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर आपल्या पसंतीचा प्रतिनिधी मागता येत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची जुनी भूमिका आहे. १९६० च्या कालिंदी विरुद्ध टाटा लोकोमोटिव्ह निकालात ती मांडली गेली आणि १९९३ च्या क्रेसेंट डाइज निकालात पुन्हा पक्की झाली. हा हक्क कायद्यातून किंवा स्थायी आदेशांतूनच मिळतो आणि त्यांनी घातलेल्या मर्यादेतच राहतो.

महाराष्ट्रात तो दोन ठिकाणी आहे. एक, १९७१ चा कायदा: मान्यताप्राप्त संघटनेसाठी कलम २० आणि इतर संघटनांसाठी कलम २२. दोन, कंपनीचे स्थायी आदेश. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये आपल्याच खात्यातला सहकारी किंवा आपण सदस्य असलेल्या संघटनेचा पदाधिकारी बचावासाठी घेण्याची मुभा होती. तुमच्या कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश वेगळे असू शकतात. त्यांची प्रत आजच मागा, आरोपपत्र येण्याची वाट पाहू नका.

प्रतिनिधीचं नाव चौकशीच्या पहिल्याच तारखेला लेखी द्या आणि पोच घ्या. नकार मिळाला, तर तो नकार रोजनाम्यात नोंदवायला लावा. तोंडी नकार पुढे न्यायालयात सिद्ध करताना फार जड जातं. आणि प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्याने कागदपत्रं आदल्या दिवशी वाचलेली हवीत. उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न नंतर कुणी विचारू देत नाही.

७. कंपनीने चौकशीत वकील आणला. मग मलाही वकील मिळेल का?

मागा. बोर्ड ऑफ ट्रस्टीज ऑफ द पोर्ट ऑफ बॉम्बे यांच्या १९८३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मालकाची बाजू कायद्याची जाण असलेला अधिकारी मांडत असेल आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला, तर चौकशी न्याय्य राहत नाही. दोन्हीकडे वकील नसतील, तर हा आधार लागू पडत नाही. मागणी लेखीच हवी. का, ते प्रश्न ६ मध्ये आलं आहे.

८. समेटाच्या बैठकीला वकील चालतो का?

नाही. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे वाद तडजोडीने मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, दोन्ही बाजूंना वकील देता येत नाही. न्यायाधिकरणात वकील येऊ शकतो, पण समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी या दोन्ही लागतात. पारादीप पोर्ट ट्रस्टच्या १९७६ च्या निकालाने एक फट मोकळी ठेवली: वकील जर खरोखरच संघटनेचा किंवा मालक संघाचा पदाधिकारी असेल, तर तो पदाधिकारी या नात्याने येतो आणि ही अट त्याला लागत नाही. फक्त एका खटल्यापुरतं पद दिलं असेल, तर त्यावर आक्षेप घ्या. कंपनीच्या वकिलाला तुम्ही हरकत न घेता चालू दिलंत, तर संमती गृहीत धरली जाऊ शकते. म्हणून हरकत पहिल्या तारखेलाच नोंदवा.

९. आमच्या सरचिटणीसाने एकट्याने करारावर सही केली. तो करार आम्हाला बांधतो का?

संघटनेची घटना काढून बघा. ब्रूक बाँड इंडिया खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: कार्यकारिणीने अधिकार दिलेला नसेल आणि घटनेतही तशी तरतूद नसेल, तर पदाधिकाऱ्याने मालकाशी केलेला करार कायद्याच्या अर्थाने तडजोड ठरत नाही. सरचिटणीस या पदात सहीचा अधिकार आपोआप येत नाही.

म्हणून बोलणी सुरू होण्याआधीच ठराव करा. कोण सही करणार, किती जणांनी मिळून करणार, शेवटचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे येणार की नाही, हे त्यात लिहा. तारीख घाला, सह्या घ्या. प्रामाणिक प्रतिनिधीला या ठरावाचं ओझं वाटायचं कारण नाही. उद्या कुणी ‘विकला गेलास’ म्हणालं, तर तोच ठराव त्याच्या बाजूने उभा राहतो.

१०. मी सदस्य नाही. करार मला लागू होतो का?

करार कुठे झाला ते पाहा. मालक आणि संघटना यांनी आपसात, समेटाबाहेर केलेला करार फक्त करार करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो, नंतर भरती होणाऱ्यांनाही. मान्यताप्राप्त संघटनेबाबतचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे. त्याच बामर लॉरी खटल्यात थकबाकीतून संघटनेच्या निधीसाठी रक्कम कापण्याचं करारातलं कलमही टिकलं. तेव्हा मसुदा वाचताना पगाराच्या तक्त्यावर थांबू नका, कपातीची कलमंही वाचा.

११. खटला युनियनने लावला. मधेच प्रतिनिधी बदलून मी स्वतः लढू शकतो का?

सामान्यतः नाही. संघटनेने उचलून धरलेल्या वादात कामगाराला वेगळ्या प्रतिनिधीचा आग्रह धरता येत नाही, असं राम प्रसाद विश्वकर्मा निकालात १९६१ पासून ठरलेलं आहे. संघटनेत राहून प्रतिनिधी बदलून घ्या. ते शक्य नसेल आणि वाद तुमच्या सेवासमाप्तीचा असेल, तर स्वतःचा अर्ज करण्याचा मार्ग आहे, पण मुदत जपा (प्रश्न ३).

१२. तारखेला कोर्टात गेलो, कंपनीने त्या दिवसाचा पगार कापला. बरोबर आहे का?

मान्यताप्राप्त संघटनेने लेखी अधिकार दिलेले जास्तीत जास्त दोन सदस्य सुनावणीच्या दिवशी कामावर आहेत असंच धरलं जातं. १९७१ च्या कायद्याचं कलम २३ तसं सांगतं. त्यासाठी न्यायालयाचं किंवा त्या अधिकाऱ्याचं हजेरीचं प्रमाणपत्र कंपनीत द्यावं लागतं. निघण्याआधी कारकुनाकडून प्रमाणपत्र घेऊनच या. हे कलम कित्येक कमिट्यांना ठाऊक नसतं आणि प्रतिनिधी वर्षानुवर्षं रजा खर्चून तारखा करत राहतात. हा हक्क सोडू नका.

१३. प्रतिनिधी असल्यामुळे कंपनी मला काढू शकत नाही, हे खरं का?

एवढं सरळ नाही. संरक्षण आहे, पण ते मागून घ्यावं लागतं. वाद प्रलंबित असताना ‘संरक्षित कामगारा’ला संबंधित प्राधिकरणाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय बडतर्फ करता येत नाही. अशा कामगारांची संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान ५ आणि कमाल १०० असते. नावं संघटनेने दरवर्षी मालकाकडे पाठवायची असतात. केंद्रीय नियमांत ३० एप्रिलची तारीख ठरलेली होती. नावं पाठवलीच नाहीत, तर कमिटीवर असूनही तुम्ही संरक्षित नाही.

या यादीत नसलात, तरी संघटनेच्या कामाचा राग काढून केलेली बडतर्फी, किंवा धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली, ही अनुचित कामगार प्रथा आहे. तक्रार ९० दिवसांत करायची असते आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेशही मागता येतो. बदलीचा आदेश आल्यावर ‘आधी साहेबांशी बोलून बघू’ यात महिने घालवू नका. बोलणी चालू ठेवा आणि तक्रारही तयार ठेवा.

१४. संप, धरणं, घेराव. प्रतिनिधीवर गुन्हा दाखल होऊ शकतो का?

नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना औद्योगिक वाद पुढे नेण्यासाठी केलेल्या काही कृतींबद्दल दिवाणी दाव्यापासून आणि कटाच्या आरोपापासून संरक्षण आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, तोडफोड यांना ते कधीच लागू होत नाही. घेरावाबद्दल कलकत्ता उच्च न्यायालयाने जय इंजिनीअरिंग वर्क्स खटल्यात हे सविस्तर सांगितलं. महाराष्ट्रात तर घेराव आणि मुद्दाम काम संथ करणं या १९७१ च्या कायद्याखाली संघटनेच्या अनुचित प्रथा आहेत.

संपाला १४ दिवसांची नोटीस लागते आणि मान्यताप्राप्त संघटनेला आधी सदस्यांचं मतदान घ्यावं लागतं. संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हाही संपच आहे. हे माहीत नसलेल्या प्रतिनिधीच्या एका घोषणेने शेकडो कामगारांचा संप बेकायदा ठरू शकतो आणि पगार त्यांचा जातो.

१५. मी बँकेत आहे, भाऊ गोव्यात कारखान्यात आहे. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

अंशतः. बँका, रेल्वे, मोठी बंदरं यांच्यासाठी ‘समुचित सरकार’, म्हणजे कामगार वादांची जबाबदारी असलेलं सरकार, केंद्राचं असतं, म्हणून १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा त्यांना लागत नाही. तुमचा समेट केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेपुढे चालतो. गोव्यातही हा कायदा नाही. तिथे मान्यतेचा प्रश्न आता संहितेतल्या वाटाघाटी करणाऱ्या संघटनेच्या तरतुदींनी सुटेल. त्यामुळे प्रश्न ४ आणि १२ मधली कलमं तुम्हाला वापरता येणार नाहीत. ६ ते ११ मधले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र उपयोगी पडतील.

१६. आम्ही कंत्राटी कामगार. मूळ कंपनीविरुद्ध आमची युनियन तक्रार करू शकते का?

अनुचित प्रथेची तक्रार थेट मूळ कंपनीविरुद्ध केली, तर ती बहुधा टिकणार नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या निकालांनुसार मालक-कामगार नातं निर्विवाद असेल, तरच १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालते. कंत्राट नावापुरतं आहे, असं तुमचं म्हणणं असेल, तर ते आधी औद्योगिक वाद म्हणून न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. वर्षानुवर्षं त्याच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवताना जड जातं. तरी खोटी आशा देण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. तोवर गेटपास, हजेरी आणि कंपनीच्या सुपरवायझरने दिलेल्या सूचना जपून ठेवा. नातं सिद्ध करताना त्याच कामी येतात.

१७. निवृत्त किंवा बडतर्फ कामगार पदाधिकारी राहू शकतो का?

निवृत्त आणि कपात झालेल्यांना ‘बाहेरचा’ धरायचं नाही, असं २००१ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. बडतर्फ कामगाराचा उल्लेख त्यात नाही. म्हणून त्याला बाहेरच्यांच्या कोट्यात धरणं सुरक्षित. हा कोटा एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतला जो आकडा कमी असेल तो.

१८. कामगार न्यायालयात आमचा प्रतिनिधी उत्तम बोलतो. उच्च न्यायालयातही तोच चालेल का?

नाही. प्रतिनिधीला युक्तिवादाचा हक्क कामगार कायद्यांनी त्यांच्या प्राधिकरणांपुढे दिला आहे. उच्च न्यायालयात संघटना स्वतःच्या नावाने याचिका करू शकते, पण बाजू वकिलानेच मांडायची असते. प्रतिनिधीचं तिथलं काम वकिलाला खालच्या न्यायालयातला रोजनामा, ठराव, अधिकारपत्रं आणि साक्षींच्या प्रती लावून देणं. फाईल त्याच्या हातातून गेलेली असल्यामुळे कोणत्या साक्षीदाराने काय कबूल केलं, हे वकिलाला नेमकं तोच दाखवू शकतो. म्हणून पहिल्या सुनावणीला त्याला सोबत न्या आणि त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च संघटनेच्या निधीतून करायचा ठराव आधीच मंजूर करून ठेवा.